शेवटच्या ओळीतलं काकड

वृंदाताईंनी चष्मा चढवला, मोबाइल हातभर लांब धरला आणि ज्या पानावरून मला हाकललं होतं तेच पान त्या मला वाचून दाखवायला लागल्या.

"लिहून घेताय ना, घरत?"

"तुम्ही वाचा. माझ्या डोक्यात राहतं."

"नको. डोक्यात राहिलेलं बदलतं. लिहून घ्या."

मी गल्ल्यावरचं बिलबुक उलटं केलं. पेणच्या एसटी स्टँडामागं माझी खानावळ आहे. दुपारची गर्दी ओसरली होती, पोऱ्या टेबलं पुसत होता, आणि पंख्याखालच्या टेबलावर ह्या बाई पुण्याहून येऊन बसल्या होत्या. चहा बशीत न ओतता पीत होत्या.

"शेवळांची भाजी," त्यांनी सुरुवात केली. "साहित्य. शेवळं. मोड आणून सोललेले वाल. कांदा, ओलं खोबरं, आलं, लसूण, हळद, तिखट, गरम मसाला, मीठ, तेल."

मी थांबलो. त्याही थांबल्या.

"पुढं?"

"पुढं कृती."

"साहित्य संपलं?"

"संपलं की."

आता ज्यांनी शेवळं पाहिली नाहीत त्यांना सांगतो. जूनच्या तोंडाला आमच्याकडं रानातून हे कोंब येतात. मातकट, टोकदार, भाल्यासारखे. चव अशी की त्यापुढं मटण बाजूला ठेवावं. पण अंगात खाज भरलेली. नुसती शिजवून खाल्लीत तर घशात सुया टोचतात, जीभ जड होते, लहान पोराचे तर ओठ सुजतात. त्यावर उतारा एकच, काकड. आवळ्याहून लहान, हिरवी, आंबट फळं. ती उकडून कुस्करायची आणि ते आंबट पाणी भाजीत घालायचं. बाजारात शेवळं विकणारी बाई शेवळांच्या जुडीवर मूठभर काकड ठेवूनच देते. नको म्हटलंत तरी देते. तिच्या हातून गेलेल्या भाजीनं कुणाचा घसा धरलेला तिला चालत नाही.

"ताई," मी म्हटलं, "ह्यात आंबट काही नाही."

"नाही. पान पक्कं आहे."

"पण शेवळं खाजतात."

"निवडताना हाताला तेल लावायचं, हे लिहिलंय की."

"हाताला नाही हो. घशाला."

वृंदाताईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. त्यांना राग येत नसे, तो त्यांनी कुठंतरी ठेव म्हणून ठेवला होता. "पाच जणांनी ह्या पानाला मान्यता दिली आहे, घरत. त्यांना नाही खाजलं?"

"त्या पाचांनी भाजी करून पाहिली होती का?"

"तुम्ही रानताटचे सदस्य आहात का?"

"छे. मला कुठं वेळ."

हे खोटं नव्हतं. त्या दिवशी मी सदस्य नव्हतो. मी विसाव्यावर होतो.

रानताट हे इंटरनेटवरचं एक ठिकाण होतं. अजून आहे. रानभाज्यांचा कोश. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, सगळं फुकट, सगळं सगळ्यांचं. कल्पना सोन्यासारखी, मी आजही म्हणतो. मी नववीत शाळा सोडली, पण वाचायचा नाद होता, लिहायचा त्याहून जास्त. खानावळीचा दुपारचा धबडगा संपला की मी त्यावर जाऊन बसायचो. भारंगी, कुलू, टाकळा, कुड्याच्या शेंगा, ह्या पानांवर निम्मं लिखाण माझं आहे. नाव घेतलं होतं तापला तवा.

तिथली रीत अशी की कुणी एक पान लिहिलं की बाकीच्यांनी वाचायचं, आणि पटलं तर त्यावर एक हिरवं पान ठेवायचं. पाच हिरवी पानं पडली की ते पक्कं. मग त्यात बदल करायचा तर चर्चा. चर्चेची पण रीत. आधी नमस्कार. मग लेखकाच्या एका तरी गोष्टीचं कौतुक. मग आपलं म्हणणं. मग पुन्हा आभार. नावापुढं जी लावायचं. त्यामुळं माझं झालं तवाजी. एक होता कडू कारलं, त्याचं झालं कारलंजी. आणि कुणी वेडंवाकडं बोललं तर त्याचा प्रतिसाद मुळासकट उडवायचा आणि त्याला काही महिने बाहेर बसवायचं. बाहेर बसवण्याला बाहेर बसवणं म्हणत नसत. विसावा म्हणत. सभ्य माणूस शिवी देत नाही, तो तुम्हाला नियमाचा क्रमांक देतो.

तर त्या वर्षी मार्चमध्ये कुणा श्री. शरच्चंद्र फणसे, ठाणे, यांनी शेवळांचं पान लिहिलं. मी साहित्य वाचलं, काकड नाही असं दिसलं, आणि माझं डोकं फिरलं. खाली चार जणांची हिरवी पानं आधीच पडलेली. "वा, सुंदर!" "माहेरची आठवण झाली." "ओघवती शैली!" अरे, शैली घशाखाली उतरवायचीय का? उद्या कुणीतरी हे वाचून पोराबाळांना घालील, त्याचं काय?

मी लिहायला बसलो. मी लिहिलं की लेखकाची अक्कल गहाण पडली आहे की विकलीच, ते आधी कळवावं. मी लिहिलं की जो माणूस जन्मात कधी चुलीपुढं उभा राहिला नाही, त्यानं दुसऱ्याला शेवळं शिकवू नयेत. बायकोनं ताट पुढं सरकवायचं, ह्यानं ढेकर द्यायची, आणि म्हातारपणी हा कृती लिहिणार. मग त्या चार जणांकडं वळलो. त्यांनी हिरवी पानं कुठं ठेवायला हवी होती तेही लिहिलं. लिहिता लिहिता हात गरम झाला की माझा थांबत नाही. पानभर झालं. सगळ्यात शेवटी लिहिलं, काकड घाला, काकड.

संध्याकाळपर्यंत उडालं. वर वृंदा जोगळेकर, व्यवस्थापक, यांचा निरोप. नमस्कार तवाजी, आपल्या भावना आम्ही समजू शकतो, तथापि आपल्याला सहा महिन्यांचा विसावा देण्यात येत आहे, आपल्या आजवरच्या योगदानाबद्दल मनःपूर्वक आभार. दुसऱ्या दिवशी पाचवं हिरवं पान पडलं आणि पान पक्कं झालं.

आणि आता त्याच वृंदा जोगळेकर माझ्याच टेबलावर बसून मला त्याच पानाची ऑर्डर देत होत्या. रानताटचा वर्धापनदिन होता. शेवळांच्या मोसमात घ्यायचा म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात पेणलाच मंगल कार्यालय घेतलं होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पेणमध्ये शेवळं करावीत तर घरतनं. तो घरत म्हणजे तवा, हे सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

"एक अट आहे," त्या म्हणाल्या. "प्रत्येक पदार्थ आमच्या पक्क्या पानाप्रमाणे. शब्दही इकडं तिकडं नको. हा मेळावा त्याचसाठी आहे. आम्ही मिळून जे लिहिलं ते ताटात दिसलं पाहिजे."

"आणि काही चुकलं असेल तर?"

"तर चर्चेत लिहा. नम्रपणे लिहिलंत तर आम्ही सगळ्यांचं ऐकतो."

"ताई, तुम्ही समोर बसलाय. मी तुम्हाला सांगतोय."

"समोर बोललेलं चर्चेत धरत नाहीत," त्या म्हणाल्या. वाईट वाटून म्हणाल्या, मला त्यांच्या तोंडावर दिसलं. मग पुन्हा मोबाइलकडं वळल्या. "आता कृती घ्या. शेवटी लेखकानं चार ओळी मनोगत लिहिलं होतं, ते आम्ही पक्कं करताना काढलं. कृतीत मनोगत नको."

मी म्हटलं, बरं.

मी त्याच क्षणी ठरवलं. त्यांना हवी तशीच करायची. शब्दही इकडं तिकडं नको ना? नाही होणार. सगळा सभ्य समाज एका पंगतीत बसेल, पहिला घास घेईल, दुसरा घेईल, आणि मग एकमेकांना जी म्हणायलासुद्धा जीभ उचलणार नाही. माझ्याकडं बिलबुकाच्या मागं त्यांच्या तोंडचं लिहून घेतलेलं होतं. माझ्यावर बोट ठेवायची सोय नव्हती.

म्हणजे असं मला वाटत होतं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी मी आणि सुगंधा, म्हणजे माझी बायको, कार्यालयाच्या मागच्या ओट्यावर शेवळं निवडत बसलो. हाताला तेल, पुढं गोणपाट. वरचं पान सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग कापून टाकायचा, राहिलेलं बारीक चिरायचं. शेवळंवालीनं काकडाची वेगळी पिशवी भरून दिली होती. ती मी बाजूला सरकवली.

"तुम्ही खरंच नाही घालणार?" सुगंधा म्हणाली.

"लेखी आहे."

"खानावळीचं नाव जाईल."

"माझं कसं जाईल? कृती त्यांची."

"घसा धरला की माणूस कृती विचारत नाही, आचारी विचारतो. उद्या अख्ख्या पेणात होईल, घरतच्या जेवणानं शंभर माणसं दवाखान्यात. मग तुम्ही ते बिलबुक घेऊन दारोदार फिरा."

मी पुढची जुडी ओढली.

"तुम्ही त्यांना लिहून कळवलं होतं ना, काकड म्हणून?"

"कळवलं होतं. उडवलं त्यांनी."

"मी वाचलं होतं ते तुमच्या मोबाइलवर."

"मग?"

"मग काय? मी आपली शिव्याशिव्यांतनं वाट काढत चालले होते. निम्म्यावर डाळ करपायला लागली, उठले. काकड काही मला भेटलं नाही."

"शेवटी होतं."

"शेवटी!" ती हसली. "अहो, तुमचं घरातलं बोलणं तरी मी शेवटपर्यंत कुठं ऐकते?"

"तू त्यांच्या बाजूची का?"

"मी कुणाच्या बाजूची नाही. पंगतीत पोरं असतील, एवढंच म्हणते."

"पोरांना वरणभात आहे."

तिनं काकडाची पिशवी उचलली आणि माझ्या डोळ्यांसमोर, कढईशेजारी आणून ठेवली.

दहाच्या सुमारास फोडणी टाकली. वास सुटला तसा मागच्या दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. उंच, ताठ, पांढरा शर्ट. शर्टाची पुढची बाजू कडक इस्त्रीची, बाह्या आणि पाठ चुरगळलेली. हातात कापडी पिशवी.

"आत येऊ नका, काका, तेल उडतंय," मी म्हटलं.

"नाही, नाही. मी दारातच बरा." तो नाक वर करून वास घेत राहिला. "शेवळं ना?"

"हो."

"मी फणसे. ते पान माझं आहे."

माझा झारा कढईत थांबला. सुगंधानं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं पाहिलं नाही.

"मला इथं उभं राहिलं तर चालेल का हो? अडचण करणार नाही. जरा पाहायचं होतं, कसं करतात ते."

"तुम्हीच लिहिलंय की, कसं करतात ते."

"हो, लिहिलंय." तो कसनुसा हसला. "पण मी सगळा जन्म स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहिलो. निवडायला ती बाहेरच्या खोलीत बसायची, पंख्याखाली, तेवढं माझ्यासमोर व्हायचं. पेपर मीच पसरून द्यायचो. पुढचं सगळं आत. आतून हाक यायची ती एकदम पान मांडल्याची."

"आता?"

"आता नाही. कुमुद गेली त्यानंतर हा दुसरा जून."

तेवढ्यात वृंदाताई लगबगीनं आल्या. "फणसेकाका! तुम्ही इथं कुठं? आजचे मानकरी तुम्ही, चला, व्यासपीठावर बसायचंय. नातीला पुढच्या रांगेत बसवलंय मी."

"मी जरा पाहत होतो..."

"पाहायचं काय त्यात, तुमचीच तर कृती! चला."

त्यांनी त्याला दंडाला धरून, अगदी आदरानं, नेलं. तो वळून वळून कढईकडं बघत गेला.

मी थोडा वेळ कांदा परतला. मग काकडाची पिशवी उघडली. का, ते मला विचारू नका. पहिल्या रांगेत कुणाची तरी नात होती, एवढं सांगतो. सुगंधानं विचारलं नाही, तिनं पाणी उकळायला आधीच ठेवलेलं होतं.

आणि मग पंगत बसली. पडद्याआडून मी बघत होतो. लोक भाजी मागून मागून घेत होते. पाचवं हिरवं पान ज्यांनी दिलं होतं ते एक गृहस्थ बोटं चाटत शेजाऱ्याला सांगत होते, मी वाचूनच ओळखलं होतं. त्यांनी तीनदा घेतली. मला वाटलं, ह्यांच्यापुरती तरी वेगळी कढई करायला हवी होती.

जेवणं होता होता वृंदाताई माईकवर उभ्या राहिल्या.

"मित्रहो, आज आपण जी शेवळं खाल्ली ना, ती नुसती भाजी नाही. ते सौजन्याचं फळ आहे. पाच अनोळखी माणसं एकत्र आली, एकमेकांना एकही कटू शब्द बोलली नाहीत, आणि त्यातून ही कृती पक्की झाली. आपल्यातलेच एक सदस्य ह्याच पानावर फार वाईट भाषेत बोलले होते. मी नाव घेणार नाही. तेही चांगलंच लिहायचे. पण आपण खंबीर राहिलो. त्यांचं ऐकलं असतं तर आज हे ताट आपल्यापुढं असतं का?"

"नसतं!" तीनदा घेतलेले गृहस्थ ओरडले. टाळ्या पडल्या.

मी पडद्याआड हातात झारा घेऊन उभा होतो. माझ्या आयुष्यात मला एवढी चपराक कुणी मारली नाही, आणि ती मारणाऱ्या बाईला आपण कुणाला मारतोय हेही ठाऊक नव्हतं. सुगंधा पदर तोंडाला लावून हसत होती. इतकी की तिला पातेल्याचा आधार घ्यावा लागला.

"जा की," ती म्हणाली, "जाऊन सांगा माईकवर. चर्चेत धरत नाहीत म्हणे समोरचं."

पंगत उठली. भांडी मागं यायला लागली. आणि पुन्हा मागच्या दारात तोच पांढरा शर्ट. ह्या खेपेस हातात वाटी. वाटीत थोडी भाजी राखलेली. त्याचे डोळे लाल झाले होते.

"घरत, एक विचारू?"

"तिखट झाली का?"

"नाही. अगदी तिच्या हातची झालीय." त्यानं वाटी माझ्यापुढं धरली, जणू मी ती ओळखायची होती. "तुम्ही ह्यात काय घातलंत?"

"तुमच्याच कृतीप्रमाणं आहे. शब्दही इकडं तिकडं नाही."

"खोटं बोलू नका हो माझ्याशी," तो हळूच म्हणाला. "माझ्या कृतीनं मी गेल्या वर्षी करून पाहिली. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा घसा सुजला. मला वाटलं, मला निवडताच येत नाही. मग वाटलं, तेल कमी पडलं. तिसऱ्या वेळी नातीला एक घास दिला, तर ती दिवसभर रडली. सून म्हणाली, बाबा, आता पुरे."

"मग असली कृती तुम्ही लिहिलीत कशाला?" माझा आवाज चढला. चढायला नको होता, पण चढला. "लोकांनी करून खाल्ली असती म्हणजे?"

"म्हणून तर शेवटी लिहिलं होतं ना मी."

"काय?"

"की ही कृती अपुरी आहे. कुणीही करू नये. माझी पत्नी ह्यात काय घालायची ते मला माहीत नाही, विचारायचं राहून गेलं. जाणकारांनी कृपया सांगावं." तो वाटीकडं बघत बोलत होता. "त्याचसाठी तर पान लिहिलं. मला कुठं कृती लिहायच्यात? पण लोक छान छान म्हणत राहिले. मी म्हटलं, अहो, छान नाही ती, काहीतरी राहिलंय. तर म्हणाले, काका, फार विनयशील आहात. आणि मग त्या ओळीच काढल्या."

मी सुगंधाकडं पाहिलं. आता ती हसत नव्हती.

मी ते पान वाचलं होतं. साहित्यापर्यंत.

"एकानं मात्र लिहिलं होतं," फणसे म्हणाले. "तापला तवा म्हणून कुणी. फार रागावून लिहिलं होतं. की मी कधी चुलीपुढं उभा राहिलो नाही. बायकोनं ताट सरकवलं आणि मी ढेकर दिली. तिसऱ्या ओळीला मी चष्मा काढून ठेवला. खरं होतं हो. एकेक शब्द खरा होता. पण पुढं वाचवेना. संध्याकाळी म्हटलं, काही असो, पुरतं वाचू, तर त्यांनी ते उडवलेलं. पुढं त्या माणसानं काय लिहिलं होतं कोण जाणे."

"काकड," मी म्हणालो.

"अं?"

"काकड घाला, काकड. असं लिहिलं होतं."

त्यांना समजायला वेळ लागला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कढईकडं पाहिलं, ओट्यावर पडलेल्या काकडाच्या चोथ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल, आणि जे बोलेल ते मी ऐकून घ्यायचं.

"तुम्ही?"

"हो."

"मग आधी का नाही लिहिलंत?"

"लिहिलं होतं की. शेवटी."

नळ ठिबकत होता, तो मी जाऊन बंद केला.

"मीही विचारलं होतं," फणसे म्हणाले. "शेवटीच."

सुगंधानं पिशवीतली उरलेली काकडं कागदात बांधली आणि त्यांच्या हातात दिली. कशी उकडायची, किती कुस्करायची, पाणी कधी ओतायचं, सगळं सांगितलं. ते दारातच उभे होते. तिनं विळी सरकवली, पाट टाकला आणि म्हणाली, "काका, आत या. बसा. दारातनं दिसत नाही ते." ते आत आले. जाताना पुडी त्यांनी कापडी पिशवीत न टाकता शर्टाच्या खिशात ठेवली. खिसा ओला झाला तरी काढली नाही.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण पान अजून तसंच होतं, पक्कं आणि काकडाशिवाय.

फणसेकाकांनी घरी जाऊन चर्चेत लिहिलं. नमस्कार, कौतुक, म्हणणं, आभार, सगळं रीतसर, की साहित्यात काकड घालावं. त्यावर उत्तर आलं. काकाजी, आपली नम्रता वाखाणण्याजोगी आहे, तथापि आपण सर्वांनी मेळाव्यात ह्याच कृतीनं केलेली भाजी खाल्ली आहे आणि ती उत्कृष्ट होती, तेव्हा बदलाची आवश्यकता दिसत नाही. खाली हात जोडलेले. तीनदा घेतलेल्या गृहस्थांनी त्यालाही हिरवं पान दिलं.

मी काकड घातलं म्हणून ती कृती खरी ठरली होती. आता ते काकड माझं होतं, हे मी सांगितल्याशिवाय कुणी मानणार नव्हतं. आणि सांगायचं म्हणजे शब्दही बदलणार नाही असं कबूल करून मी बदलला, हे चारचौघांत नावानिशी लिहायचं.

सप्टेंबरात विसावा संपला. त्याच दुपारी मी बसलो. हात गरम होता, पण ह्या खेपेला त्याला आधी रांगेत उभं केलं. पहिल्या ओळीत लिहिलं, शेवळांत काकड घाला, नाहीतर घसा धरतो. दुसऱ्या ओळीत लिहिलं, मेळाव्यातली भाजी मी, पेणचा सुदाम घरत, यानं केली आणि तीत काकड होतं. तिसऱ्या ओळीत लिहिलं, फणसेकाकांनी हेच पहिल्या दिवशी विचारलं होतं, त्यांच्या ओळी परत लावाव्यात. मग नमस्कार, मग कौतुक, मग आभार. ते सगळं सुगंधानं सांगितलं, मी उतरवून घेतलं.

वृंदाताईंचा फोन आला. आवाज तसाच गार. "घरत, तुम्ही विश्वास मोडलात."

"मोडला ताई."

"पुढच्या वर्षी आम्हाला दुसरा आचारी बघावा लागेल."

"बघा. त्याला काकड घालायला सांगा."

"माझ्या बहिणीनं गेल्या आठवड्यात केली होती. आपल्या पानाप्रमाणं. मेळाव्याच्या वेळी पेणहून नेलेली शेवळं तिनं निवडून फ्रीजरला ठेवली होती," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत साहित्यात काकड आलं. फणसेकाकांच्या ओळीही परत आल्या, आता सगळ्यात वर. त्यांना रानताटचं पुढचं बोलावणंही आलं. मला आलं नाही, त्यानंतर कधीच आलं नाही. ह्याला आता बरीच वर्षं झाली. काका दर जूनमध्ये बाजारात येतात, शेवळं घेतात, खानावळीत माझ्या ओट्यापाशी बसून निवडतात आणि मला चार गोष्टी शिकवतातसुद्धा.

माझा प्रतिसाद अजून त्या पानाखाली आहे. खाली वृंदाताईंनी लिहिलंय, तवाजी, आपल्या भाषेतला हा बदल सुखावणारा आहे. त्यावर हिरवी पानंच पानं. तीनदा घेतलेल्या गृहस्थांचंही एक आहे.

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं असतं तर ते दिलं नसतं. कारण सगळे आभार मानून झाल्यावर, अगदी तळाला, मी त्यांच्याविषयी आणि त्यांच्या हिरव्या पानाविषयी एक ओळ लिहिली आहे. माझ्या जुन्या भाषेतली, चांगली ठसठशीत. आजवर तिला कुणी हात लावलेला नाही.